पैलवाडीचा पाहुणचार

राजे-महाराजे दूर राजधानीत आपापल्या लढायांत गुंतलेले असायचे, त्या काळातली ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी अकरा गावांचा एक परगणा होता. राजाला त्याचं नावसुद्धा धड आठवत नसे. त्यामुळे सगळा कारभार पाच पंचांचं मंडळ पाही.

मंडळाचं वर्ष ठरलेलं असे. चैत्रात गुरांच्या चराईच्या हद्दी नेमून द्यायच्या. वैशाखात विहिरींचा गाळ काढून घ्यायचा. पावसाळ्यात भांडणं मिटवायची, कारण पावसाळ्यात माणसं घरात बसतात आणि बसली की भांडतात. पितृपक्ष सरला की मंडळ अकराही गावांच्या फेरीला निघे. फेरी आटोपली की मोठी सभा भरे आणि तिथे दोन गोष्टी जाहीर होत. एक, त्या वर्षी परगण्यात कोणतं काम करायचं. दुसरी, फेरीत कोणत्या गावाचा पाहुणचार सर्वांत चांगला झाला. त्या गावाच्या कारभाऱ्याला मानाचा फेटा मिळे. खरं सांगायचं तर सभेला गर्दी व्हायची ती फेट्यासाठीच.

कामाच्या बाबतीत मंडळाचा एक नियम होता: डोळ्यांनी पाहू, तेच करू. पूर्वी कधी तरी नुसतं ऐकून एका गावाला विहीर मंजूर झाली होती आणि ती नेमकी एकाच्या खळ्याच्या मधोमध खणली गेली होती. तेव्हापासून पंच कान झाकून डोळे उघडे ठेवत.

आता या अकरा गावांतलं शेवटचं गाव पैलवाडी. गावाच्या अलीकडे धावरी वाहायची. नदी म्हणावी इतकी ती मोठी नव्हती आणि ओढा म्हणावा इतकी गरीब नव्हती. उन्हाळ्यात तिच्यात वाळू असे, पावसाळ्यात मात्र कोणी पाय घालायची छाती करत नसे. पंचांची फेरी यायची तेव्हा पाणी कमरेपर्यंत उतरलेलं असे, पण ओढ कायम असे.

पैलवाडीचा कारभारी मानी माणूस. पंच म्हणजे देवासारखे पाहुणे, त्यांचे पाय कसे भिजवायचे? म्हणून त्याच्या आजोबांनी घालून दिलेली रीत तो पाळत होता. पंच येण्याआधी सगळं गाव नदी उतरून अलीकडे यायचं. मांडवाच्या बल्ल्या यायच्या, सतरंज्या यायच्या, चुली मांडायला दगडसुद्धा पलीकडून यायचे. बायका भाताची पातेली डोक्यावर घेऊन पाण्यातून यायच्या. पंच येऊन टेकेपर्यंत मांडव सजलेला, पानं मांडलेली आणि बायकांची लुगडी मांडवामागे वाळत घातलेली असायची.

जेवण झालं की थोरले पंच ढेकर देऊन विचारायचे, "काय कारभारी, काही अडचण?"

"आपल्या कृपेनं सगळं झकास आहे, पंच."

"झकासच असणार. वारा काय सुरेख येतो इथं!"

एवढं होऊन मंडळ परत फिरे. नदी पंचांना दिसत नव्हती असं नाही. पण ज्या पाण्यातून ताकाचा रांजण न डचमळता येतो, ते पाणी कसली अडचण? पैलवाडी सुखी आहे, असं सभेत सांगितलं जाई आणि मानाचा फेटा पैलवाडीला मिळे. कारभाऱ्याच्या ओसरीवर खुंट्यांची एक रांगच होती. प्रत्येक खुंटीवर एक फेटा.

पैलवाडीची आणखी एक रीत होती, पण ती कोणी मोठ्यानं बोलत नसे. गावातली सगळी लग्नं वैशाखात व्हायची. वैशाखात व्याही आले की त्यांच्या बैलगाड्या कोरड्या वाळूतून सरळ गावात यायच्या. नदी कुठाय, असं कोणी विचारलंच तर गावकरी म्हणायचे, "असते की, जवळच असते."

कारभाऱ्याच्या मुलाचं लग्नही असंच वैशाखात झालं. सून आली. अबोल पोर, पण कामाला चोख. मृग लागला आणि तिनं पहिल्यांदा धावरी पाहिली. दारात उभी राहून बराच वेळ पाहत राहिली, मग घरात येऊन निमूट भाकऱ्या थापू लागली.

पंचमीला तिचा भाऊ मुऱ्हाळी म्हणून आला, तिला माहेरी न्यायला. गाठोडं बांधून ती काठावर गेली. भाऊ अलीकडे, बहीण पलीकडे, मधे तांबडं पाणी घोंघावत होतं.

"सगुणेऽऽ!" भावानं हाक मारली. "आईऽ..."

पुढचं पाण्याच्या आवाजात विरलं. त्यानं पुन्हा पुन्हा ओरडून पाहिलं, हातवारे केले, शेवटी डोक्याला हात लावून परत गेला. सुनेच्या पदरात तेवढा एकच शब्द पडला. आईचं काय? आजारी आहे? आठवण काढते? की आणखी काही?  रोज पाणी भरायला जाताना ती घागर टेकवून माहेरच्या वाटेकडे पाहत राही. कारभारी ते पाही आणि दुसरीकडे तोंड करी.

पोळा होऊन गेल्यावर पाणी थोडं ओसरलं. एक गुरांचा व्यापारी कसाबसा नदी उतरून आला आणि त्यानं निरोप दिला, "तुझ्या आईला ताप होता, पोरी. फार चढला होता. आता बरी आहे."

इतके दिवस न रडलेली सून निरोप चांगला आल्यावर चुलीपुढे बसून रडली. कारभारी ओसरीवर होता. त्याला सगळं ऐकू येत होतं.

पुढे फेरीचे दिवस जवळ आले. घरात तयारी सुरू झाली.

"सूनबाई, पंचांसाठी तूप कढवलं का?"

"कढवलं, मामंजी." ती थांबली. मग खाली मान घालून म्हणाली, "मामंजी, एक विचारू? पंचांना नदी दिसते का?"

"म्हणजे काय! तिच्या काठावरच जेवतात की."

"मग काय म्हणतात?"

"म्हणतात, वारा सुरेख येतो."

सून यावर काहीच बोलली नाही, तुपाचं भांडं झाकून आत गेली. ती काही बोलली असती तर कारभाऱ्याला तिला गप्प बसवता आलं असतं. ती आधीच गप्प होती, त्यामुळे त्याची पंचाईत झाली.

दुसऱ्या दिवशी त्यानं पारावर गाव जमवलं आणि सांगितलं, "यंदा मांडव आपल्या गावात. पंचांना जेवायला नदी उतरून यावं लागेल."

 गावातले सर्वांत वयस्क भिकूआबा काठी आपटून उठले. "पंचांना पाण्यात उतरवतोस? तुझ्या आजानं अशा पुरातून पंचांसाठी पाट आणले होते पाट!"

"आणले होते, आबा. म्हणून तर पाट इकडून तिकडं जातात आणि पंच तिकडून इकडं येत नाहीत."

"फेटा जाईल बरं का, कारभारी!"

"जाईल," कारभारी म्हणाला, पण म्हणताना त्याचा आवाज जरा बसला.

तेव्हा पाराखालून कारभारीण म्हणाली, "अहो आबा, सगळे फेटे एकाला एक बांधले तरी पलीकडच्या काठाला पोचायचे नाहीत. मी मोजमाप घेतलंय मनात." बायका पदराआड हसल्या. गेली कित्येक वर्षं पातेली त्याच वाहत होत्या.

फेरीचा दिवस उजाडला. अडीअडचणीला असावेत म्हणून धट्टेकट्टे पोहणारे गडी घेऊन कारभारी अलीकडच्या काठावर उभा राहिला. पंच आले. ऊन चढलेलं, पोटात कावळे ओरडत होते. थोरल्या पंचांनी इकडेतिकडे पाहिलं.

"कारभारी, मांडव कुठाय?"

"घरी, पंच. पलीकडे."

"आणि जेवण?"

"तेही घरीच. पानं मांडून ठेवलीत."

"मग आणा की!"

"आणतो" हा शब्द कारभाऱ्याच्या अगदी ओठांवर आला. आजोबांपासूनची सवय होती ती. हे दमलेले पाहुणे, हे पाणी. एक हाक दिली असती तर पलीकडच्या बायकांनी पातेली उचलली असती. त्यानं पलीकडे पाहिलं. बायका काठावर रांगेनं उभ्या होत्या. कडेला सून होती. ती त्याच्याकडे पाहत नव्हती, पाण्याकडे पाहत होती.

"आणणार नाही, पंच," कारभारी हात जोडून म्हणाला. "यंदा तुम्हीच यावं."

"वेड लागलंय का तुम्हाला? आम्ही परत जाऊ!"

"जा, पंच. तुम्ही मोठे आहात. पण पैलवाडी पाहायची तर ती पलीकडेच आहे. आजवर तुम्ही पाहिलीत ती आमची सतरंजी होती."

थोरले पंच संतापानं लाल झाले. तेवढ्यात वारा फिरला आणि पलीकडून तळणाचा वास आला. पंचांतल्या सर्वांत किडकिडीत पंचांनी नाक वर केलं.

"भजी आहेत वाटतं."

"कांद्याची," कारभारी म्हणाला.

शेवटी भूक जिंकली. पंचांनी धोतरं खोचली आणि गड्यांचे हात धरून पाण्यात पाय घातले. थोरले पंच अंगानं भरलेले. मध्यावर त्यांचा पाय घसरला, जोडे गेले, उपरणं गेलं आणि पाठोपाठ तेही जाणार, एवढ्यात गड्यांनी त्यांना खांद्यावर घेतलं. काठाला लागल्यावर ते एका दगडावर बसले. अंगातून पाणी निथळत होतं. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, सगळं गाव श्वास रोखून उभं राहिलं.

थोरले पंच नदीकडे पाहत राहिले. मग बायकांकडे पाहिलं.

"दरवर्षी या बायका यातून येतात?"

"होय, पंच."

"डोक्यावर रांजण घेऊन?"

"नाही, नाही. रांजण दोघी मिळून धरतात. डोक्यावर भाताचं पातेलं."

"मग बोलला का नाहीत? मी दरवर्षी विचारतो, अडचण आहे का म्हणून!"

"पाहुण्याला कोणी अडचण सांगतं का, पंच?"

"पण आम्हाला ती दिसली कशी नाही?"

"दिसू नये म्हणून आम्ही फार कष्ट घेतले," कारभारी म्हणाला.

 गावातल्यांची कोरडी धोतरं नेसून पंच जेवायला बसले. त्या दिवशी कोणी वाऱ्याची तारीफ केली नाही. भज्यांची मात्र केली.

पुढे सभा भरली. थोरल्या पंचांच्या मनात यंदा स्वतःच्या गावाला वेशीचा दरवाजा बांधायचा होता, तसं त्यांनी सोयऱ्यांना सांगूनही ठेवलं होतं. ते उभे राहिले, जरा घुटमळले आणि म्हणाले, "यंदाचं काम, धावरीवर साकव. पुरातही माणसं चालत जातील असा, मजबूत लाकडाचा. मी पाहिलंय. जरा जास्तच जवळून पाहिलंय."

पैलवाडीचे लोक उठून नाचायलाच लागले.

"आता फेटा," थोरले पंच पुढे म्हणाले. "पाहुण्यांना बुडवणाऱ्या गावाला फेटा देता येत नाही. नियम तो नियम." आणि फेटा दुसऱ्या गावाला गेला. सभेत हशा पिकला. "पैलवाडीला जेवायला जायचंय? आधी पोहायला शिकून घ्या!" असं कोणी तरी ओरडलं. कारभारी हसला, पण त्याला ते लागलं. फेटा नसलेल्या डोक्यानं चारचौघांतून जायची त्याला सवय नव्हती. तो मागच्या पायवाटेनं घरी आला.

वैशाखात साकव उभा राहिला. अकराही गावांनी लाकूड दिलं. मृगात धावरी नेहमीसारखीच तांबडी होऊन आली आणि साकवाखालून गेली.

पुढच्या फेरीला मंडळ पैलवाडीला आलं ते साकवावरून, कोरड्या पायांनी. थोरले पंच मधे थांबले, खाली पाणी पाहिलं आणि पुढचं पाऊल जरा घाईनंच टाकलं. कारभाऱ्याच्या ओसरीवर पानं मांडली. वाढायला कारभारी आणि त्याचा मुलगा, दोघंच. पानात पिठलं आणि भाकरी. भाकरी एका बाजूनं करपलेली, दुसऱ्या बाजूनं कच्ची.

थोरल्या पंचांनी एक घास बराच वेळ चावला.

"कारभारी, फेटा नाही दिला म्हणून हा राग का?"

"छे, छे! पंच, माफी असावी. स्वयंपाक आम्हीच केलाय. घरात बाईमाणूस कोणी नाही. सूनबाई बाळंतपणाला माहेरी गेली, भर भाद्रपदात. मुलगी झाली. आज बारसं आहे, म्हणून आमच्या हिच्यासकट आळीतल्या सगळ्या बायका सकाळीच तिकडं गेल्यात."

"सगळ्या? एवढ्या पाण्यातून?" पंचांच्या तोंडून निघून गेलं.

"पाण्यावरून, पंच," कारभारी म्हणाला आणि त्यांच्या पानात आणखी एक करपलेली भाकरी वाढली.

थोरल्या पंचांनी ती मुकाट्यानं खाल्ली, वर पिठलं मागून घेतलं आणि जाताना बाळासाठी खिशातली खडीसाखर ठेवून गेले.

तात्पर्य काय, तर पाहुण्याचा मान जरूर राखावा, पण आपली अडचण त्याच्यापासून झाकू नये. झाकलेली अडचण दुसऱ्याला दिसत नाही आणि आपल्याला सोडत नाही.