अखंड वस्त्र

एकदा एका विणकराने घर सोडले, माग सोडला, डोक्यावरचे केस सोडले आणि सह्याद्रीतल्या एका लेण्यात जाऊन तो भिक्खू झाला. अभिमान तेवढा सोडायचा राहून गेला. तो गाठोड्यात बांधलेला नव्हता, त्यामुळे दीक्षेच्या वेळी कोणाच्या लक्षातच आला नाही.

अभिमानाला कारणही तसेच होते. प्रतिष्ठान नगरीत असताना त्याने राजासाठी एक वस्त्र विणले होते. सोळा हात लांब, मध्ये कुठेही जोड नाही. इतके तलम की वाळत घातले तर त्याची सावली पडत नसे, आणि त्यावर माशी बसली तर आपण हवेतच बसलो आहोत असे वाटून ती घाबरून उडे. हे त्याचेच शब्द. भिक्षेला जाताना, पात्र घासताना, अंगण झाडताना तो हे सांगे. बाकीचे भिक्खू त्याला 'आवुसो', म्हणजे बंधो, म्हणत छेडत.

"आवुसो, सोळा हात की अठरा? काल तर अठरा होते."

तोही हसे, पण आत एक भीती होती. माग गेला, घर गेले, लोक नावही विसरले. ते वस्त्र राजवाड्यात कुठेतरी जपून ठेवलेले आहे, एवढ्यावरच आपण कोणीतरी होतो हे टिकून आहे, असे त्याला वाटे.

पावसाळ्याचे तीन महिने भिक्खू एकाच जागी राहत. तो वर्षावास संपला की गृहस्थ संघाला चीवरासाठी, म्हणजे भिक्खूच्या अंगावरच्या वस्त्रासाठी, कापड आणून देत. प्रथा अशी, की ज्याचे चीवर सर्वांत विरले असेल त्याला ते कापड द्यायचे, आणि सगळ्यांनी मिळून त्याच दिवशी ते कापून, शिवून, रंगवून पुरे करायचे.

त्या वर्षी एक श्रेष्ठी, नगरातला बडा व्यापारी, चंदनाची पेटी घेऊन, धापा टाकत डोंगर चढून आला. त्याने झाकण उघडले आणि विणकर दोन पावले पुढे आला. तेच वस्त्र! राजा वारला होता, वारसांनी भांडार वाटून टाकले होते, आणि वस्त्र फिरत फिरत श्रेष्ठीकडे आले होते.

"भन्ते," श्रेष्ठी लेण्यातल्या सर्वांत थोर भिक्खूंना, वृद्ध स्थविरांना, म्हणाला, "काशीच्या कारागिराचे काम आहे. आपल्याकडच्या कोणाला जन्मात जमायचे नाही."

विणकराचे कान लाल झाले. शेजारचा भिक्खू कुजबुजला, "श्वासाकडे लक्ष दे, आवुसो, श्वासाकडे."

कोणाचे चीवर सर्वांत विरले आहे, असे स्थविरांनी विचारले. सगळ्यांच्या नजरा कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या भिक्खूकडे गेल्या. पूर्वाश्रमी तो प्रतिष्ठानच्याच वेशीबाहेर राहून कचरा उचलत असे. विणकरांच्या आळीतून जाताना, आपली सावली सुतावर पडू नये म्हणून त्याला ओरडत जावे लागे. संघात मात्र थोरवी वर्षावासांवर ठरते. त्याचे बावीस झाले होते, विणकराचा पहिलाच. म्हणून विणकर रोज सकाळी त्याला वंदन करी. कंबर वाके, मन तसेच उभे राही.

स्थविर उठले. त्यांनी सुरी घेतली आणि थेट विणकराच्या हातात दिली.

"काप."

"अहो भन्ते!" श्रेष्ठी ओरडलाच. "कापायचे काय? असेच पांघरू द्या ना त्यांना!"

विणकराने सुरी धरली, पण वस्त्राला लावली नाही. "भन्ते, हे... हे मी विणलेले आहे."

"काहीतरीच!" श्रेष्ठी म्हणाला. "काशीचे आहे ते."

"डाव्या काठापासून सात बोटे आत एक निळा धागा आहे. बघा."

श्रेष्ठीने बोटे मोजली. निळा धागा होता. मग मागून कोणीतरी म्हणाले, "म्हणजे सोळाच हात खरे!" आणि सगळे हसले.

स्थविर हसले नाहीत. "तूच विणलेस ना? मग तुलाच कळेल. यातला जो धागा म्हणजे हे वस्त्र, तो दाखव. तेवढा राखू, बाकीचे कापू."

विणकर खाली वाकला. बराच वेळ पाहत राहिला. "एक धागा म्हणजे वस्त्र कसे होईल, भन्ते? सगळे मिळून वस्त्र."

"ते सगळे धागे तू काढलेस?"

"नाही. आळीतल्या बायकांनी सूत काढले."

"कापूस?"

"तो शेतांत वेचणाऱ्यांनी वेचला."

"आणि त्याला ऊन, पाणी, काळी माती?"

विणकराने वस्त्रावरून हात मागे घेतला. मग स्थविर सावकाश बोलू लागले.

"ज्यांनी हा मार्ग दाखवला, त्या शाक्यपुत्राला रेशमाची काय कमतरता होती? पण जरा, व्याधी, मरण पाहिले, आणि रेशमाच्या आतले शरीरही तेच, हे त्यांना कळले. त्यांनी रेशीम उतरवले आणि टाकून दिलेल्या चिंध्या धुऊन, जोडून पांघरल्या. जे आहे ते बदलते. आपण ते घट्ट धरतो, म्हणून दुःख. मूठ उघडता येते, आणि ती उघडण्याची वाट कोणालाही चालता येते. एवढेच त्यांनी पंचेचाळीस वर्षे, राजाला आणि झाडूवाल्याला, एकाच भाषेत सांगितले. आपले चीवर त्यांनी मगधातल्या भातखाचरांसारखे तुकड्यांचे शिवायला लावले. खाचराचा बांध पाणी अडवतो, ते पुढच्या खाचरात सोडण्यासाठी. तुझे पाणी इतकी वर्षे पेटीत अडले आहे, बाबा."

त्यांनी सुरीकडे बोट दाखवले. "आणि कापायचेच आहे, तर चांगले काप. तुझ्याइतके कोणाला जमणार?"

विणकराने सुरी लावली. पहिली चीर त्याने अडखळत दिली. दुसऱ्या चिरेला हात सरावला. त्याने असे कापले, की एक दोराही वाया गेला नाही. सगळे शिवायला बसले. श्रेष्ठीनेही सुई घेतली आणि पहिल्याच टाक्याला स्वतःच्या बोटात खुपसली. दुपारी सालींच्या काढ्यात कापड बुडवले. निळा धागा काषाय रंगात कुठे गेला, ते विणकरालाही सांगता येईना.

संध्याकाळी म्हाताऱ्या भिक्खूने ते चीवर पांघरले. विणकराने वंदन केले. कंबर वाकली, आणि आतलेही काही वाकले.

"हलके आहे रे," म्हातारा म्हणाला. "तुमच्या आळीतून जाताना लांबून माग दिसायचे. वाटायचे, ते कापड हाताला कसे लागत असेल?"

विणकराने त्याचा हात आपल्या हातात घेतला आणि चीवराच्या मऊ घडीवर ठेवला.

"असे लागते, भन्ते."

दुसऱ्या दिवशी भिक्षेच्या रांगेत म्हातारा पुढे, विणकर सर्वांत मागे. एका दारातली बाई भात वाढता वाढता चीवराकडे पाहतच राहिली. "कोणी विणले हो एवढे सुरेख?"

म्हाताऱ्याने मागे बोट दाखवले. विणकराच्या ओठांपर्यंत सोळा हात आले होते.

"पुष्कळांनी, माई," तो म्हणाला.

आणि चालू लागला. मान पूर्वीसारखीच ताठ होती. पण आता त्या अभिमानात रांगेतल्या सगळ्यांचा वाटा होता.