धुरपी जीप आणि चकचकीत बाटली

फार पूर्वी एका घाटाच्या पायथ्याशी धुरपी नावाची म्हातारी जीप राहायची. चढ लागला की ती खडखडत निळा धूर ओकायची. गॅरेजच्या फळीवरची चकचकीत बाटली म्हणाली, "आजी, मला इंजिनच्या तेलात मिसळून घे, पुन्हा तरणी होशील!"

धुरपीने ऐकलं. खडखड खरंच थांबली. मग कळा सुटलेल्या एका बाईला घेऊन ती ऐटीत घाटावरच्या दवाखान्याकडे निघाली, आणि अर्ध्या घाटातच तिचा दम संपला. बाईला मागून आलेल्या ट्रकने नेलं.

"आणखी एक घोट घे," धुरपीला ओढून गॅरेजात आणल्यावर बाटली म्हणाली.

"नको बाई. तू माझा खोकला दाबलास, छातीची झीज नाही भरलीस." धुरपी गॅरेजच्या मिस्त्रीकडे वळली, "दादा, इंजिन उघड आणि पिस्टनच्या घासलेल्या रिंगा बदल."

त्यानंतर आजारी माणसाला घाटावर न्यायचं असलं, की गावकरी आधी धुरपीलाच हाक मारू लागले.