दारातलं जातं

घोडेमाळच्या चर्चमध्ये शिरायचं तर उंबऱ्यातलं जातं ओलांडून जावं लागतं. नवा माणूस हमखास ठेचकाळतो. मग विचारतो, गिरणी आल्यावर हे कुणी इथं टाकून दिलं का? टाकलेलं नाही. मुद्दाम बसवलंय, उंबऱ्याचा दगड फोडून, चुन्यात. अर्धं दाराच्या आत, अर्धं बाहेर. बघून ओलांडा आणि इथं पायरीवर टेका. त्याची हकिकत आहे.

राहेलबाई म्हणून एक बायबलबाई या गावात होती. बायबलबाई म्हणजे गावोगाव पायी फिरून बायांना शुभवर्तमान सांगणारी. बाप्तिस्म्याआधी तिचं नाव रखमा. ती आणि तिची थोरली जाऊ गंगू एका घरात नांदत होत्या. पहाटे दोघी एकाच जात्यावर समोरासमोर बसायच्या, एका खुंट्याला दोघींचे हात. एकीनं ओवी धरली की दुसरी पुरी करायची. सख्ख्या बहिणींचं जमणार नाही असं जमायचं, असं जुनी माणसं सांगत.

पुढं रखमानं आणि तिच्या नवऱ्यानं बाप्तिस्मा घेतला आणि घरात इस्तव पडला. देव सोडला म्हणजे आम्हालाच सोडलं, असं गंगूचं म्हणणं. तुमच्या देवाला धरून बसले तर मी बुडेन, असं राहेलचं. दोघी तोंडाच्या तिखट, कुणी कमी नाही. वाटण्या झाल्या. मधे भिंत आली. भांडी वाटली, शेळ्या वाटल्या, राहिलं जातं. ते कसं वाटणार? भावकीतल्या माणसांनी सांगून पाहिलं की एकीनं घ्या, दुसरीला दुसरं आणून देऊ. दोघींनाही तेच पाहिजे. शेवटी गंगू म्हणाली, "खालची तळी माझी. वरची ने तू. तुझा देव बसेल दळायला."

शहाणी बाई असती तर हसून सोडून दिलं असतं. राहेलनं खरोखर वरची तळी डोक्यावर घेतली आणि भिंतीपलीकडं नेली.

आता अर्ध्या जात्यावर कोण काय दळणार? तेव्हापासून दोघी पाटी घेऊन लोकांच्या दारी दळायला जायला लागल्या, एकमेकींची वेळ चुकवून. राहेलची तळी दाराला टेकण झाली. गंगूच्या तळीत कोंबड्या पाणी प्यायला लागल्या. वर्षं गेली. राहेल विधवा झाली, तरी गंगू भिंतीपलीकडून आली नाही. मग गंगूचा नवरा गेला. राहेल त्या दिवशी शेजारच्या गावात सांगत होती, की प्रभू रडणाऱ्यांचे डोळे पुसतो. निरोप पोचला होता म्हणे. ती संध्याकाळी आली आणि आपल्या दारानं आत गेली.

पण बाहेर तिचा मान मोठा. ती बोलायला लागली की भांडकुदळ बायासुद्धा गप्प बसत. ज्या मडमसाहेबांनी हे चर्च उभारलं, त्या समुद्र ओलांडून आलेल्या. त्यांचा परदेश म्हणजे आपलं अंगण. आणि राहेलबाईला आपलंच अंगण परदेशाहून लांब झालेलं. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. वाहवा करणाऱ्यांच्या येत नसतं.

एके वर्षी मिशनकडून विचारणा आली. आफ्रिकेत रेल्वेचे रूळ टाकायला आपल्याकडची माणसं गेली होती, त्यांच्या बायकांना आपल्या बोलीत चार शब्द सांगणारं तिथं कुणी नव्हतं. राहेलबाई जाईल का? चर्चच्या मंडळीला केवढा अभिमान. आपल्या माळावरची बाई समुद्रापार चालली. चर्चच्या बाया रोज दळणातून मूठभर धान्य सुवार्तेसाठी बाजूला काढत. ठरलं की त्या मुठींचंच सातूचं पीठ करायचं, वाटेला टिकेल असं. आणि लांब निघालेल्याची शिदोरी त्याच्या घरच्या जात्यावर दळायची, ही आपल्याकडची जुनी रीत. उपासना झाल्यावर चर्चपुढं धान्य भाजलं, बाया गोळा झाल्या आणि म्हणाल्या, राहेलबाई, जातं आणा.

राहेल घरी गेली आणि वरची तळी घेऊन आली. दुसरं काय आणणार?

सगळ्या बाया त्या दगडाकडं बघत राहिल्या. सुंदरआत्या म्हणून एक म्हातारी होती, तिला कुणाची भीड नव्हती. ती म्हणाली, "अर्धं जातं घेऊन निघालीस होय गं समुद्रापार?"

कुणी हसलं नाही. राहेल तळी तिथंच ठेवून वळली. सगळ्यांना वाटलं रागावून घरी चालली. ती आपल्या दारावरून पुढं गेली आणि गंगूच्या दारात उभी राहिली. जिनं गावंच्या गावं बोलून जिंकली, ती तिथं पायातल्या वहाणा काढून थांबली म्हणे. गंगूनं शेण थापणारे हात थांबवले नाहीत.

"आलीस? सगळ्या मुलखाला सांगून झालं, आता मला सांगायला आलीस?"

"सांगायला नाही आले, बाई. दळायला आले."

गंगूनं हातातली गोवरी थापून पुरी केली. मग म्हणाली, "खालची तळी तिकडं आहे. कोंबड्यांनी घाण केलीय. धू."

राहेलनं धुतली. पण गंगू चर्चच्या दारापर्यंत आली आणि थांबली. तुझ्या देवळात पाय टाकणार नाही, म्हणाली. राहेलनं तिला आत ओढलं नाही. खालची तळी उंबऱ्यावरच ठेवली, वरची तिच्यावर बसवली. गंगू बाहेर बसली, राहेल आत. एका खुंट्याला दोघींचे हात. पहिलं पीठ कचकचीत आलं, ते टाकून दिलं. दुसरंही टाकलं. तिसरं बरं आलं. ओवी कुणीच म्हटली नाही, नुसता दगडाचा आवाज.

पीठ भरून झाल्यावर गंगू म्हणाली, "तिकडच्या बायांना आधी हे सांग. जातं तोडलंस ते, आणि माझा नवरा गेला तेव्हा आली नाहीस ते. मग तुझ्या देवाचं सांग."

राहेलनं तिकडं तसंच सांगितलं, असं म्हणतात. आधी जाऊ, मग येशू. त्या बाया त्यामुळंच तिचं ऐकत.

ती गेल्यावर लोक जातं उचलायला आले. येता-जाता पायात येत होतं. गंगूनं हात लावू दिला नाही. "ती आली की उचलू," म्हणाली. राहेल आली नाही. तापानं तिकडंच गेली, तिकडंच माती झाली. बातमी आल्यावर गंगूनंच पाथरवट बोलावला आणि उंबरा फोडून जातं कायमचं बसवून घेतलं. मग रोज पहाटे बाहेरच्या बाजूला बसून ती एकटीच आपलं दळण दळायची. तिनं बाप्तिस्मा घेतला का, असं पाहुणे विचारतात. नाही घेतला. घेतला असता तर गोष्ट सांगायला सोपी झाली असती, पण घोडेमाळची माणसं देवाच्या दारात खोटं सांगत नाहीत.

आजही इथून कुणी पाळक होऊन आसामात निघो, नाहीतर एखादी पोरगी नर्स होऊन आखातात, मंडळी त्याला तशीच निरोपाची प्रार्थना देत नाही. ज्याच्याशी बोलणं नाही त्याला आधी बोलवायचं, एकानं आत बसायचं, एकानं बाहेर, आणि मूठभर दळायचं. माझं कुणाशी वाकडं नाही म्हणणाऱ्याला बाया हसतात आणि थांब म्हणतात. काही जण वर्षभर थांबलेत. एकदोघं गेलेच नाहीत.

उठताना खालच्या तळीच्या कडेला हात लावून बघा. आतली बाजू अजून खरखरीत आहे. बाहेरची, गंगू पाय टेकून बसायची ती, गुळगुळीत झालीय.