पालीची साक्ष

काचेच्या पेटीत परदेशी सरडे पाळायची हौस शहरात नुकतीच शिरली होती, तेव्हाची ही गोष्ट. मोरेश्वररावांच्या दिवाणखान्यात चोरून आणलेला एक हिरवा इग्वाना होता. ऊन न मिळाल्याने त्याची हाडं मऊ पडत चालली होती.

"तू मोकळी आहेस, तरी गप्प कशी बसतेस?" तो भिंतीवरच्या पालीला म्हणाला.

"मी चुकचुकले की ही माणसं त्या क्षणी चाललेलं बोलणं खरं मानतात. या घरात कुणी तुझ्याबद्दल खरं बोलू दे, मग बघ. तोवर मी इथून हलणार नाही."

संध्याकाळी पाहुणे आले. मोरेश्वरराव म्हणाले, "सगळी कागदपत्रं आहेत. अगदी मजेत असतो हा!"

पालीने तोंड घट्ट मिटून घेतलं.

चहा ठेवता ठेवता त्यांच्या पत्नी कुंदाताई म्हणाल्या, "अहो, कसली कागदपत्रं? याला हाताळून पोरं जुलाबाने आजारी पडली. आणि हाही इथे मरणार. वनखात्याला कळवायला हवं."

पाल मोठ्याने चुकचुकली.

सवयीने मोरेश्वररावांची बोटं टेबलावर वाजली आणि तोंडून निघून गेलं, "खरं आहे!"

पाहुणे त्यांच्याकडे बघतच राहिले. कुंदाताईंनी वनखात्याचा नंबर लावून फोन नवऱ्याच्या हातात दिला.