शबलाचे गुरगुरणे

पूर्वी गोदावरीकाठच्या पोतन नगरात अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका सार्थवाहाच्या घरी जन्म घेतला. व्यापाऱ्यांचे तांडे रानावनातून सुखरूप नेणे हा त्या कुळाचा व्यवसाय. वयात आल्यावर तोही तांड्याचा नायक झाला. लोक त्याला क्षेमंकर म्हणत.

त्याच नगरात रंगाऱ्यांच्या आळीत उत्तरा नावाची स्त्री राहत होती. तिचा नवरा मेधक तांबड्या रंगासाठी मंजिष्ठेची मुळे आणायला एका तांड्याबरोबर समुद्राकडे गेला, तो परतलाच नाही. तांडा लुटला गेल्याची वार्ता तेवढी आली. उत्तरेने एकटीने रंगाच्या कढया चालू ठेवल्या. सोबतीला होता शबल. पाठीवर काळे-तांबूस पट्टे असलेला हा कुत्रा मेधकानेच पिल्लू असताना घरी आणला होता.

असे कित्येक पावसाळे गेले. मग एका दुपारी काठी टेकत, एक पाय ओढत एक पुरुष दारात उभा राहिला. केस पांढरे, गालावर व्रण, आवाज घोगरा.

"उत्तरे, मी आलो," तो म्हणाला.

उत्तरेला रडू येईना, हसूही येईना. हनुवटी मेधकाची होती, पण आवाज कोणा परक्याचा. ती काही बोलणार, तोच तो शबलाला पाहून मोकळा हात पसरत, लंगडतच घाईने अंगणात शिरला. शबल मागे सरकत भिंतीला चिकटला आणि गुरगुरला.

आळीतल्या लोकांनी ते पाहिले आणि कुजबुज सुरू झाली. कुत्रा का कधी धनी विसरतो? रानातले यक्ष मेलेल्या माणसाचे रूप घेऊन येतात, हा तसलाच कोणी असणार! त्या माणसाने लग्नातल्या, घरातल्या खुणा सांगितल्या. लोक म्हणाले, यक्षाला काय ठाऊक नसते? उत्तरेचे मन सकाळी हो म्हणे, दुपारी नाही म्हणे. ती त्याला जेवायला वाढी आणि स्वतः उंबरठ्याबाहेर उभी राही.

त्याने शबलाला परोपरीने चुचकारले. जवळ जाऊन वाकला, डोळ्यांत डोळे घालून हाका मारल्या. दर वेळी कुत्रा गुरगुरे, आणि दर वेळी लोक एकमेकांकडे पाहत. शेवटी तो चिडला. शबल गुरगुरला की त्याच्या पाठीत काठी घालू लागला. उत्तरेनेही कुत्र्याला खुंटाला बांधून टाकले. मग गुरगुर थांबली. चला, निवळला एकदाचा, असे तिला वाटले. पण एके दिवशी तो कुरवाळायला वाकला, तेव्हा शबलाने आवाजही न करता त्याच्या हाताचा कडकडून चावा घेतला.

आळी गोळा झाली. आळीचा मुख्य सोमिल म्हणाला, "या दोघांतला एक खोटा आहे. तू खरा मेधक असशील, तर धन्याला चावणारे हे कुत्रे स्वतःच्या हाताने मार. नाहीतर पौर्णिमेला आळी सोड."

उत्तरेच्या डोक्यात नुसता गोंधळ माजला. शबल खरा म्हणावा तर नवरा जातो, नवरा खरा म्हणावा तर शबल मरतो. ती क्षेमंकराकडे धावली. त्याच्या अंगणात तांडा निघण्याच्या तयारीत होता, बैलांवर गोण्या चढत होत्या.

"आर्य, आपण जन्मभर जनावरांत वावरलात. हा माझा नवरा आहे की नाही, ते त्या कुत्र्याकडून जाणून सांगा."

"बाई, ते मला सांगता यायचे नाही," बोधिसत्त्व म्हणाला. "कुत्र्याला काय होते आहे, एवढे पाहता येईल."

त्याने गोण्या उतरवायला सांगितल्या. भागीदार कुरकुरले. दुसरा तांडा आधी पोहोचला, तर सगळा बाजार त्याच्या हाती जाणार होता. "जाऊ द्या त्यांना पुढे," एवढेच तो बोलला आणि उत्तरेच्या अंगणात एका कोपऱ्यात जाऊन बसला.

प्रथम त्याला वाटले, कुत्रा काठीला बिचकतो. त्याने काठी दूर ठेवायला लावली. मेधक लंगडत जवळ गेला, तरी शबलाने दात दाखवलेच.

"चुकलो मी," बोधिसत्त्व म्हणाला. "पुन्हा पाहू या."

उत्तरा आणखीच गोंधळली. शहाणा म्हणवणारा माणूसही चुकतो, तर आपण कोणाचे ऐकायचे?

मग तो तिला जवळ बोलावून हळू आवाजात दाखवू लागला. "बघ, तो येताच हा तोंड वळवतो. भूक नसता ओठ चाटतो, झोप नसता जांभई देतो. शेपूट पोटाखाली गेले आहे. हा चिडलेला नाही, भ्यालेला आहे."

"भ्याला असता तर पळाला नसता का?"

"बांधलेला जीव कुठे पळणार?"

उत्तरेने खुंटाकडे पाहिले आणि मान खाली घातली. बोधिसत्त्व म्हणाला,

"गुरगुर नोहे वैर, ती तर भीतीची वाणी;
वाणी कोंडून ठेवता दात सांगती कहाणी."

मेधकाच्या पायाला वैद्याचे हिंग-लसणाचे उग्र तेल लावलेले असे. त्या वासाखाली त्याचा स्वतःचा वास बुडून गेला होता. चाल निराळी, आवाज निराळा, वासही निराळा, आणि असा परका सरळ अंगावर चालून येतो! बोधिसत्त्वाने त्याला तेल बंद करून रिठ्याने नदीत अंघोळ करायला सांगितले. कुत्र्याचा दोर सोडवला. मग तो मेधकाला म्हणाला, "शबलाकडे बघू नका, हाका मारू नका. कढईपाशी अंग एका बाजूला वळवून बसा आणि आपले काम करा. यायचे की नाही, ते त्याला ठरवू द्या."

मेधक रोज तसा बसू लागला. शबल चार पावले येई, हवा हुंगे आणि परत फिरे. उत्तरा पाही आणि दर वेळी निराश होई.

पौर्णिमा उजाडली. सोमिल लोकांना घेऊन आला आणि त्याने मेधकासमोर सोटा टाकला. शबल दूर परसात बसून होता.

मेधकाने सोट्याला हात लावला नाही. "हा भ्यालेला होता, आणि मी त्या भीतीलाच मारले," तो म्हणाला. "आता पुन्हा मारणार नाही. मी जातो. उत्तरे, त्याला बांधू नकोस हं."

तो पाय ओढत दाराकडे निघाला. उत्तरा पाहत राहिली. घरासाठी आलेला यक्ष घर सोडून कुत्र्याला वाचवील का? आणि इतके दिवस उंबरठ्याबाहेर उभी राहणारी मी तरी दुसरे काय करीत होते? मीही भ्यालेच होते की. तिने पुढे होऊन त्याचा हात धरला.

"हा माझा नवरा आहे," ती सोमिलाला म्हणाली.

"कुत्रा तर अजून जवळ जात नाही!"

"तो त्याच्या वेळेने जाईल. मला माझा वेळ लागला."

बोधिसत्त्व उठून तिच्या शेजारी उभा राहिला. "कुत्र्याला साक्षीला बोलावू नका, सोमिल. तो न्याय करीत नव्हता, स्वतःचा जीव सांभाळत होता."

सोमिलाने आपला सोटा उचलून घेतला. लोक एकेक करून पांगले.

क्षेमंकराचा तांडा उशिरा पोहोचला आणि त्याला उरलासुरला बाजार मिळाला. त्याबद्दल तो कधी हळहळला नाही. इकडे पुष्कळ दिवसांनी, मेधक कापड पिळत असताना, शबल मागून आला. त्याने टाच हुंगली, बराच वेळ हुंगली. मग मेधकाच्या पाठीला पाठ लावून तो आडवा झाला. मेधक हलला नाही. त्याच्या हातातल्या कापडातून तांबडे पाणी टपटप गळत राहिले.

विहारातले भिक्षू उग्रक नावाच्या एका भिक्षूला तिरसट म्हणून घालवून देऊ पाहत होते, त्या वेळी शास्त्यांनी, म्हणजे पुढे बुद्ध झालेल्या बोधिसत्त्वांनी, ही कथा सांगितली. शेवटी ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा शबल म्हणजे हा उग्रक. मेधक म्हणजे वृद्ध भिक्षू सुव्रत, आणि उत्तरा म्हणजे उपासिका नंदिनी. उग्रकाला बाहेर काढा असे जो सर्वांत आधी म्हणाला, तो सोमिल होता. तांडा थांबवून अंगणात बसलेला सार्थवाह मीच होतो. भ्यालेला जीव आपल्या पावलांनी जवळ येईपर्यंत थांबणे, हीच खरी सहनशीलता, हीच क्षांती."