पिंजऱ्यावरचं धोतर

“सुटलेला कोण आणि पळालेला कोण, हे ओळखायचं कसं रे रंगनाथ?”

उत्तमगिरी महाराजांनी हे विचारलं, तेव्हा रंगनाथचा धाकटा भाऊ कैलास मठाच्या फाटकाशी ताटकळत उभा होता. दुपारपासून. आत यायला तयार नाही, घोटभर पाणी घ्यायला तयार नाही. घरी म्हातारा बाप शेवटच्या घटका मोजत होता. थोरल्याच्या हातचं पाणी तोंडात पडावं म्हणून दाराकडे डोळे लावून पडला होता.

आणि थोरले चिरंजीव इथे पिंपळाखाली मांडी ठोकून बसलेले!

“महाराज, मी सुटलोय,” रंगनाथ म्हणाला. “आज मला छाटी द्याच. एकदा भगवं अंगावर पडलं, की कुठला बाप आणि कुठला मुलगा?”

“मग फाटकाकडे पाठ करून का बसलास?”



खरं सांगायचं तर रंगनाथला भीती वाटत होती. वर्षभर त्यानं आबांचं सगळं केलं होतं. अंथरूण बदललं, पाठीच्या जखमा धुतल्या, रात्र रात्र उशाशी बसला. मग एका सकाळी आबांनी आतून हाक मारली, “रंगा...” आणि त्याला ती हाकच सोसेना. पायांत चपला सरकवल्या आणि निघाला, तो एस.टी. स्टँडमागच्या या मठात येऊन थांबला. तेव्हापासून मुक्काम इथेच. तोंडी भाषा वैराग्याची.

दिवस कलला. गावभरचे पोपट पिंपळावर उतरू लागले. काय तो कलकलाट! शेजारचं बोलणं ऐकू येईना.

महाराजांनी वर पाहिलं.

“यांत एखादा पिंजऱ्यातून आलेला असेल?”

“असणारच की! कुणाकडून दार उघडं राहतं, पोपट जातो आणि थव्यात मिसळतो. शहरात असे पुष्कळ असतात.”

“कोणता, ते सांगशील?”

रंगनाथची छाती फुगली. आबांनी आयुष्यभर पोपट पाळलेले. हे ज्ञान त्याला घरातच मिळालं होतं.

“लोक शेपूट बघतात, महाराज. तारांना घासून झिजलेली असते. पण पिसं झडतात, नवी येतात, खूण जाते. माणसासारखं बोलणंही थव्यात राहून विसरतात काही. एक खूण मात्र जात नाही.”

“ती कोणती?”

“दिवेलागणीला आबा पिंजऱ्यावर जुनं धोतर टाकायचे. धोतर पडलं, की पोपट जागच्या जागी चिडीचूप. ते एकदा अंगवळणी पडलं की पडलं. झाडाखाली नुसतं कापड झटका. रानातले सगळे उडतील. घरचा बसून राहील, पिसांत मान खुपसून.”

महाराज उठले. खांद्यावरची छाटी काढली आणि दोन्ही हातांनी झटकली.

अख्खा पिंपळ उठला. हिरवा थवा किंचाळत स्टँडवरून पार झाला.

खालच्या फांदीवर एकच उरला. शेपूट लांब, देखणी. मान पिसांत.

“बघा! म्हटलं नव्हतं?” रंगनाथनं टाळीच वाजवली. “आता कापड झटका नाहीतर ढोल बडवा, हलायचा नाही तो.”

 महाराज बुंध्याकडे बघत होते.

मठातला बोका बुंध्यावरून वर सरकत होता.

“अरे, ऊड!” रंगनाथ उठून ओरडला. “हाड्! हाड्! ऊड ना रे मेल्या!” तो खडा शोधायला वाकला.

पोपटानं डोळेसुद्धा उघडले नाहीत. एक चीत्कार झाला. थोडी हिरवी पिसं पारावर पडली.

रंगनाथ पिसांजवळ खाली बसला. हातातला खडा हातातच.

“पंख होते हो, महाराज... धडधाकट पंख होते! उडाला का नाही?”

 महाराज जवळ आले आणि तीच छाटी त्यांनी रंगनाथच्या डोक्यावरून टाकली.

इतके दिवस जिच्यासाठी जीव टाकला, ती अखेर अंगावर पडली होती! आत भगवा अंधार. औषधांचा वास नाही, जखमा नाहीत, हाक नाही. त्याला बरं वाटलं. फार बरं वाटलं. त्यानं डोळे मिटले. हनुवटी छातीला टेकली.

फाटकाशी फोन वाजला.

कैलासनं तो कानाला लावला.

“दादा!” कैलासचा आवाज फुटला. “दादा, आबा गेले रे...”

रंगनाथला ऐकू आलं. शब्दन् शब्द ऐकू आला. उठावं, धावावं, भावाला मिठी मारून रडावं, असं पोटातून आलंही. पण अंग हलेना. मान तेवढी आणखी खाली गेली.

कैलास फाटक ढकलून आत आला. छाटीखालच्या त्या गोळ्याकडे बघत उभा राहिला.

महाराजांनी छाटी उचलली आणि आपल्या खांद्यावर घेतली.

“घरचाच आहे हा,” ते कैलासला म्हणाले. “घेऊन जा.”