वीस पावलांवरची ओळ

ढम, ढम, ढम. दवंडीच्या ढोलाचा तो आवाज केरबाने चाळीस वर्षांपूर्वी ऐकला होता. तेव्हा तो बैलगाडी घेऊन पोटासाठी त्या परमुलखात नुकताच आला होता. दवंडीवाला सांगत होता, "गाडी हाकायची असेल त्याने सरकारी परवाना काढावा." केरबाने काढला. पुढे दर पाच वर्षांनी निमूटपणे नवा करून घेतला. कधी काही अडलं नाही.

यंदा अडलं. केरबाने सत्तरी ओलांडली होती, आणि सत्तरीपुढच्या गाडीवानांसाठी राजाने नवीन नियम काढला होता. कचेरीतल्या फळीवरची ओळ वीस पावलांवरून वाचून दाखवायची, तरच परवाना.

परवान्यांचा अधिकारी वेंकप्पा, तोही सत्तरी ओलांडलेला, गादीवर रेलून बसला होता. हातातला कागद त्याने नाकाला असा लावला होता, की तो वाचतोय की हुंगतोय ते कळत नव्हतं.

"वाच," तो म्हणाला.

"सरकार, मला वाचता येत नाही," केरबा सावकाश म्हणाला.

"म्हणजे दिसत नाही."

"दिसतं, सरकार. वाचता येत नाही."

"एकच ते! चाळीस वर्षं आमच्या मुलखात खातोस आणि चार अक्षरं शिकला नाहीस?"

"चाळीस वर्षं तुमच्या मुलखाची ज्वारी वाहतोय, सरकार. पोत्यांनी कधी अक्षरं विचारली नाहीत."

वेंकप्पाच्या कपाळाची शीर उठली. "तोंड चालतंय तेवढे डोळे चालव. ती बघ, ती ओळ. डोळस माणसाला इथूनही दिसेल." असं म्हणून त्याने छडी रोखली. छडी फळीवर नव्हती. फळीशेजारच्या खुंटीवर वेंकप्पाची स्वतःची पगडी टांगली होती, तिच्यावर होती.

केरबाने पगडीकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं, वेंकप्पाकडे पाहिलं. मग नमस्कार करून तो बाहेर पडला. बाहेर वेंकप्पाची दोन घोड्यांची गाडी उभी होती. हे गृहस्थ ती रोज स्वतः हाकत येत. रस्त्यातल्या कोंबड्या अजून कशा उरल्या होत्या, याचं केरबाला नवल वाटलं.

तो तसाच राजाकडे गेला. राजा हट्टी होता, आणि नियम त्याचा स्वतःचा होता.

"नियम म्हणजे नियम," राजा म्हणाला. "उद्या सकाळी फळी दरबारात आणवतो. वाचलीस तर परवाना. नाही तर तुझ्या गाडीचं सरपण करीन."

घरी केरबाची बायको गिरजाबाई वाट बघत होती. वर्षापूर्वी तिची कंबर गेली होती. दर आठवड्याला तीन कोसांवरच्या वैद्याकडे लेपासाठी जायचं तर गाडीशिवाय सोय नव्हती.

"काय म्हणाले हो?" तिने विचारलं.

"वाच म्हणाले."

"एका रात्रीत कसं शिकणार तुम्ही? जाऊ दे, मी घरातच पडून राहीन. गाडीचं सरपण झालं तर चूल तरी पेटेल."

"थोडी थांब," केरबा म्हणाला. "त्या वेंकप्पाला तरी कुठे वाचता येतंय बघू."

सकाळी दरबार भरला. नोकरांनी फळी आणून सिंहासनासमोरच्या खांबाशी टेकवली. केरबा हात जोडून म्हणाला, "महाराज, ओझी चढवणं-उतरवणं हेच माझं काम. फळी मी टांगतो."

"टांग."

केरबाने ती खांबाला टांगली. तिची पाठ राजाकडे आली. वीस पावलं मोजून तो मागे जाऊन उभा राहिला. "महाराज, वाचणं कसं असतं ते मी कधी पाहिलं नाही. वेंकप्पा सरकारांनी माझ्याशेजारी उभं राहून एकदा वाचून दाखवावं."

"म्हणजे तू ऐकलेलंच म्हणशील," राजा म्हणाला.

"मग माझ्यासाठी दुसरी ओळ लिहून घ्या, महाराज."

राजाला ते पटलं. वेंकप्पा पगडी सावरत केरबाशेजारी येऊन उभा राहिला. फळीच्या दिशेने मान उंचावून त्याने खणखणीत आवाजात म्हटलं, "राजा सर्वांवर नजर ठेवतो, सर्वांनी रस्त्यावर नजर ठेवावी."

"नीट बघून वाचलंत ना, सरकार?" केरबाने विचारलं.

"अक्षर न् अक्षर."

"महाराज," केरबा म्हणाला, "मला वाचता येत नाही. पण फळी उलटी टांगलेली आहे, तेवढं मला इथून दिसतंय."

राजा सिंहासनावरून उतरला, वळसा घालून फळीसमोर आला. ओळीतली सगळी अक्षरं डोक्यावर उभी होती. राजाने वेंकप्पाकडे पाहिलं. वेंकप्पा अजून फळीच्या दिशेने डोळे बारीक करून बघत होता.

"ही अशी कोणी टांगली?" राजाने विचारलं.

"मीच, महाराज."

"तुला वाचता येत नाही, मग सुलटी बाजू कोणती ते कसं कळलं?"

"तुमच्या मुलखाची अक्षरं रेघेला लोंबतात, महाराज. दोरीवर लुगडी वाळत घालावी तशी. बायकोची कंबर गेल्यापासून लुगडी मीच वाळत घालतो. दोरीवर उभं राहिलेलं लुगडं मी अजून पाहिलेलं नाही."

राजा हसायला लागला तो थांबेचना. हसता हसता त्याने खांबाचा आधार घेतला. "याचा परवाना आत्ता लिहा," तो म्हणाला, "आणि मुदतीची जागा कोरी सोडा. माझ्या गोठ्यातली खिल्लारी जोडीही याला द्या. वेंकप्पा, तुमचा परवाना मात्र इथे ठेवा. नियम म्हणजे नियम."

वेंकप्पाने कंबरेला खोचलेला परवाना काढून राजाच्या हातावर ठेवला.

केरबा दारापर्यंत त्याच्यामागे गेला. "सरकार, तुमचं घर माझ्या वाटेवरच आहे," तो हळू म्हणाला. "पायरी सांभाळून उतरा. गाडी आणतो, बसा, सोडतो."

वेंकप्पा चाचपडत पायरी उतरला, त्याने पगडी काखेत मारली आणि तो पायी चालत निघून गेला.